माझे मार्क कमी करा

"वाच बाळ. मोठ्यानं वाच. सगळ्या गावाला ऐकू दे."

तालुक्याहून आलेल्या शिक्षण खात्याच्या साहेबांनी माईक माझ्या तोंडापुढं धरला. माझ्या हातात जाड, चकचकीत कागद. कडेनं सोनेरी वेलबुट्टी. मधोमध माझं नाव. तेवढं मला ओळखू आलं. बाकी कागदावर काय लिहिलंय ते मला कळत नव्हतं.

मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन होता. झेंडावंदन झालं होतं. पटांगणात पुढं खुर्च्यांवर गाव बसलेलं, मागं लिंबाखाली आमची वस्ती उभी. बापानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. आईनं धाकट्याला उचलून खांद्यावर घेतलं होतं, त्याला मी दिसावी म्हणून.

मी पहिल्याच अक्षरावर अडकले. "प... प... र..." पुढं जाईना. माईकमधून माझा श्वास सगळ्यांना ऐकू जात होता. पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "केंद्रात पहिली आलीय म्हणं ही. मग वाचंना कशी?"

हसू फुटलं. आधी खुर्च्यांवर, मग सगळीकडं. साहेबही हसले. माझ्या डोक्यावर हात ठेवून माईकमध्ये म्हणाले, "लाजतीय. मुलीची जात."

टाळ्या झाल्या. मला खाली उतरवलं. उतरताना मी पाचवीच्या आमच्या मॅडमकडं बघितलं. त्या दुसऱ्या पोराच्या कागदाची घडी सरळ करत होत्या. मान वर केली नाही.

त्या कागदावर लिहिलं होतं, राज्याच्या परीक्षेत केंद्रात, म्हणजे आसपासच्या सगळ्या शाळांत, पहिली, 'प्रगत'.

ती परीक्षा मी दिलीच नव्हती.

आमचं गाव धाराशिवजवळ, बेंबळीच्या बाजूला. वस्ती ओढ्याच्या पलीकडं. कागदावर वस्तीला नगराचं नाव मिळालं होतं, गाव मात्र अजून जातीच्याच नावानं हाक मारायचं. दिवाळी झाली की आईबाप ऊसतोडीला कर्नाटकात जायचे, पाडव्याच्या आसपास परत यायचे. मी पण जायचे. फडाजवळच्या पाचटाच्या कोपीत बसून धाकट्या भावाला सांभाळायचं, पाणी आणायचं, भाकरी करायच्या. आठ वर्षांची असल्यापासून भाकरी येत होत्या मला. अक्षरं येत नव्हती. शाळेत मी येऊन-जाऊन असायचे, पण दर जूनला नाव आपोआप पुढच्या वर्गात जायचं. नापास कुणालाच करत नव्हते. असं करत करत मी पाचवीपर्यंत आले. बाराखडी अर्धीमुर्धी. स्वतःचं नाव तेवढं लिहिता यायचं, तेही चित्र काढल्यासारखं.

मॅडम मी चौथीत असताना आल्या. लातूरकडच्या. त्यांचं माहेर आमच्यासारख्याच वस्तीतलं. आल्या त्याच आठवड्यात त्या चालत आमच्या वस्तीवर आल्या, घरोघर गेल्या, पोरं शाळेत का येत नाहीत ते विचारलं. आमच्या घरात बसून तांब्यातलं पाणी प्याल्या. त्याआधी एकही मास्तर ओढा ओलांडून आला नव्हता. त्या गेल्यावर आई कितीतरी वेळ तो तांब्या हातात धरून बसली होती. बापाला म्हणाली, "आपल्यातली हाय ती. आपलं माणूस आपल्याला खड्ड्यात घालत न्हाय."

मॅडम माझी वेणी घालायच्या. डोक्यात उवा होत्या तरी घालायच्या. आपल्या पोरीचे जुने फ्रॉक द्यायच्या. मी त्यांच्यासाठी काहीही केलं असतं.

श्रावणात एक दिवस प्रार्थना झाल्यावर मॅडमनी आम्हाला नऊ जणांना बाजूला घेतलं. पाचवीतली नऊ पोरं, सगळी वस्तीवरची. म्हणाल्या, उद्या तुम्हाला येडशीच्या रामलिंगला न्यायचंय, सहलीला. बाकीच्यांना सांगू नका.

आम्हाला सहल म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. सहलीला पैसे भरणारी पोरं जायची, आम्ही नाही. आणि आता फक्त आम्ही. मी रात्री आईला म्हणाले, मॅडमनी आम्हाला निवडलंय. निवडलंय हाच शब्द वापरला.

सकाळी लवकर टेंपो आला. शाळेपाशी नाही, ओढ्यापाशीच. येडशीपर्यंत आम्ही गाणी म्हणत गेलो. रामलिंगला पायऱ्या शेवाळलेल्या होत्या, मॅडमनी माझा हात धरून मला खाली नेलं. वरून पाणी पडत होतं. माकडांनी आमच्यातल्या एकीची पुरी पळवली. मॅडमनी तिला स्वतःची दिली. बुंदी होती. पोटभर होती. दुपारी मॅडमना सारखे फोन येत होते. त्या बाजूला जाऊन बोलायच्या. एकदा मी पाणी मागायला जवळ गेले तेव्हा त्या फोनवर विचारत होत्या, "सगळे पेपर झाले का? मग आणू का ह्यांना?"

मला काहीच कळलं नाही. येताना मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपले. तो एक तास मी आजपर्यंत माफ केलेला नाही. त्यांना नाही, स्वतःला.

त्या दिवशी शाळेत राज्याची परीक्षा होती. बाहेरच्या तालुक्यातून परीक्षक आले होते, टॅब घेऊन. प्रत्येक पोराच्या गळ्यात नंबर अडकवायचा, नाव विचारायचं नाही, नंबरावर टॅब द्यायचा. ज्याला वाचता येत नाही त्याच्या नावापुढं लाल निशाणी. तशी पोरं जास्त निघाली तर मोठ्या गुरुजींना, म्हणजे हेडमास्तरांना, जिल्ह्याला बोलावणार होते, शाळाही दुसऱ्या शाळेत मिसळून टाकायची भाषा चालली होती. पोरांचे चेहरे कुणी तपासत नव्हतं. परीक्षकांना गावातलं कुणी ओळखत नव्हतं.

आमच्या नऊ जागांवर नऊ दुसरी पोरं बसली. गावातल्या चांगल्या घरची, धाराशिवला इंग्रजी शाळेत जाणारी. त्या दिवशी त्यांना सुट्टी काढायला लावली. आमच्या शाळेचा गणवेश घातला. काही सहावीतली, काही सातवीतली.

हे मला कुणी कुजबुजत सांगितलं नाही. झेंड्यानंतर चार-पाच दिवसांनी, भर दुपारी, पाटलांच्या रानात, हसत हसत सांगितलं. आई आणि मी तिथं उडदाच्या शेंगा तोडत होतो. मालकीणबाई चहाची किटली घेऊन आल्या, सोबत त्यांची वैष्णवी. सातवीतली. मालकीणबाई आईला म्हणाल्या, "आमच्या पोरीनं तुमच्या पोरीचं नाव काढलं बघ."

आईला काही कळेना. मग वैष्णवीच बोलली.

"काकू, तिचा पेपर मी दिला. दोन प्रश्न मुद्दाम चुकवले, जास्त वाटू नये म्हणून. तरी पहिली आली ती."

ती वाईट पोरगी नव्हती. तिला खरंच आनंद झाला होता. मी तिच्याकडं बघत राहिले. रामलिंग, टेंपो, बुंदी, फोन, सगळं एका जागी येऊन बसलं. आम्हाला निवडलं नव्हतं. आम्हाला वेचून बाहेर काढलं होतं, तांदळातले खडे काढतात तसं.

मालकीणबाई म्हणाल्या, "साधं थँक्यू तरी म्हण गं तिला."

आईनं माझ्याकडं बघितलं. त्यांच्या रानात आमचं पोट होतं. हळूच म्हणाली, "म्हण की."

मी म्हणाले. थँक्यू म्हणाले. हातात शेंगा होत्या. माईकपुढं झाले तशी त्या दिवशीही मी मुकी झाले असते तर बरं झालं असतं.

तरीही मी मॅडमवर रागावले नव्हते. खरं सांगते. मी मनात त्यांची बाजू मांडत होते. मोठ्या गुरुजींनी बळजबरी केली असेल. त्यांना आमची लाज झाकायची असेल. अकरा वर्षांच्या पोरीला आपल्या माणसाला निर्दोष ठरवायला किती कारणं सापडतात.

दसऱ्याच्या सुमारास बातमी आली. परीक्षेत ज्यांच्यावर लाल निशाणी आली, त्या पोरांसाठी सरकार धाराशिवला निवासी वर्ग काढणार. राहायचं, जेवायचं, आणि सहा महिने फक्त वाचायला-लिहायला शिकायचं. ऊसतोडीवाल्यांच्या पोरांना आधी घेणार. बापाला हे कळलं तेव्हा तो उभाच राहिला. म्हणाला, ह्या साली हिला न्यायची न्हाय. हिला शिकू दे. धाकट्याला मी खांद्यावर घेऊन ऊस तोडीन.

वस्तीतले बाप मिळून शाळेत गेले. मी बापाच्या मागं होते. मोठ्या गुरुजींनी यादी दाखवली. आमच्या शाळेतून यादीत एकही नाव नव्हतं. आमची शाळा शंभर टक्के प्रगत झाली होती.

बाप म्हणाला, "गुरुजी, पर हिला तर काईच येत न्हाय."

"सरकारच्या मशीनमधी हिला सगळं येतंय. मशीन खोटं बोलंल का?"

मशीनपुढं कुणाचंच काही चालत नाही. वस्तीतले बाप ओळीनं आले तसे ओळीनं परत गेले. बाप रस्त्यात एकदाच बोलला. म्हणाला, तू पहिली आलीस तवा म्या ऊसतोडीच्या सगळ्या टोळीला सांगितलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीआधी तेच साहेब पुन्हा शाळेत आले. आदर्श शाळा म्हणून फोटो काढायचे होते. आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. साहेबांनी विचारलं, "काही अडचण आहे का मुलांनो?"

असं विचारायची पद्धत असते. उत्तर द्यायची पद्धत नसते.

मी उभी राहिले. म्हणाले, "साहेब, मला वाचता येत न्हाय. माझी परीक्षा घ्या."

साहेबांनी मोठ्या गुरुजींकडं बघितलं, मग माझ्याकडं. नाव विचारलं. नाव ऐकून म्हणाले, तू तर पहिली आलेली. मी म्हणाले, मी न्हवते ती. आमी रामलिंगला होतो. आमच्या नावावर दुसरी पोरं बसली होती.

साहेबांनी दुसरीचं पुस्तक मागवलं. माझ्या हातात दिलं. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत गेले. एक ओळ. तिला किती वेळ लागला कुणास ठाऊक. शेवटचा शब्द लागलाच नाही. पण ती ओळ मी सगळ्या ताकदीनं वाचली. आयुष्यात पहिल्यांदा मी माझी स्वतःची परीक्षा देत होते.

साहेबांनी मॅडमना विचारलं, "काय प्रकार आहे हा?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. एकदाच. मला अजूनही वाटत होतं, आता त्या बोलतील. दुसरं कुणी नसेल, पण त्या बोलतील. त्या आमच्या घरातलं पाणी प्याल्या होत्या.

"येतं सर तिला," मॅडम म्हणाल्या. "मुद्दाम अडखळतीय. हॉस्टेलची आशा लागलीय वस्तीवरच्या पोरांना."

स्वच्छ आवाजात म्हणाल्या. शुद्ध बोलल्या.

साहेबांना ते पटलं, की पटवून घ्यायचं होतं, मला माहीत नाही. म्हणाले, "ढ असल्याचं सोंग करणारी मुलगी मी पहिल्यांदाच बघतोय." सगळे हसले. मला पुन्हा पहिल्या रांगेत बसवून फोटो काढला.

गावानं हसणं मला नवीन नव्हतं. वैष्णवीच्या आईनं म्हणायला लावलेलं थँक्यूही मी म्हटलं होतं. पण जे माझं खरं होतं, माझं न येणं, ते माझ्याच माणसानं खोटं ठरवलं. माझ्याकडं दुसरं होतं काय? पुस्तक नव्हतं, अक्षर नव्हतं. एवढं एक खरं होतं. तेही नेलं.

दिवाळी झाली. मी ऊसतोडीला गेले.

तिकडं सगळ्या पाट्या कन्नडमध्ये. बापाला वाचता येईना, मुकादमाला येईना, ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला येईना. सगळे एकमेकांना विचारायचे, हे काय लिवलंय? कुणी लाजत नव्हतं. कोपीपुढं चूल फुंकताना मला हळूहळू उमगलं. न येणं हा गुन्हा नाही. ज्याला येत नाही त्याला येतं म्हणून लिहून टाकणं, हा गुन्हा आहे. कारण मग त्याला शिकवायची जबाबदारी कुणाचीच राहत नाही. त्या कागदानं मला हुशार केलं नव्हतं. मास्तरांना मोकळं केलं होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. माझं नाव सहावीच्या हजेरीत होतं. मी सरळ पहिलीच्या वर्गात गेले आणि खाली सतरंजीवर बसले. सहा-सहा वर्षांच्या लेकरांत. माझे गुडघे त्यांच्या खांद्याला लागत होते. पहिलीला एक म्हातारे गुरुजी होते, निवृत्तीला आलेले. त्यांनी माझ्याकडं बघितलं, काही विचारलं नाही, कपाटातून पाटी काढून दिली.

मोठे गुरुजी आले. दंड धरून ओढलं. मी दाराच्या चौकटीला धरलं. म्हणाले, सहावीत बस, नाहीतर दाखला हातात देतो. मी म्हणाले, "मला सहावीतलं येत न्हाय. मला पहिलीतलं शिकवा."

बापाला बोलावणं गेलं. बाप कामावर होता, आई आली. आई कधी मोठ्या गुरुजींसमोर उभी राहून बोलली नव्हती. त्या दिवशीही खालीच बघत होती. पण बोलली.

"तुमी तिला मशीनमधी कुठंबी बसवा. शाळंत ती बसंल तितं बसंल."

आणि ओढ्याकडं चालू लागली.

पोरं मला पहिलीतली आजी म्हणायची. पाणी प्यायला गेले की चाल लावून म्हणायची. एकदा मधल्या सुट्टीत मॅडम दाराशी आल्या. म्हणाल्या, "असं करू नको. चल तुझ्या वर्गात. मी शिकवते तुला, गुपचूप, शाळा सुटल्यावर."

ते गुपचूप मला कळलं. मला वाचायलाही चोरून शिकायचं होतं, कारण कागदावर मला आधीच येत होतं. मी म्हणाले, "म्याडम, हाच माझा वर्ग हाय." त्या निघून गेल्या. पुढच्या वर्षी त्यांची बदली झाली.

त्या दिवाळीपर्यंत मला वाचता आलं. दिवाळीनंतर मी आत्याकडं राहिले, ऊसतोडीला गेले नाही. दहावीला उशीर झाला, बारावीला उशीर झाला. आता धाराशिवला कॉलेजात आहे आणि कचेरीसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. दिवसभर लोकांचे अर्ज लिहिते. विहिरीचे, वारसाचे, रेशनकार्डाचे.

मागच्या वर्षी एका कामासाठी माझी शाळेची जुनी नोंद काढावी लागली. स्क्रीनवर आली. पाचवी, मराठी वाचन, प्रगत, केंद्रात प्रथम. दहा वर्षं झाली तरी ती मशीनमध्ये मजेत बसली होती.

मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. शिक्षण विभागाला. सदर परीक्षा मी दिलेली नाही. त्या वेळी मला वाचता येत नव्हते. तरी माझे गुण कमी करून खरी नोंद करावी, आणि माझ्या जागी कुणी बसवले त्याची चौकशी करावी.

खिडकीतल्या बाबूनं दोनदा वाचला. म्हणाला, इथं लोक मार्क वाढवायला येतात, कमी करायला आलेली तूच पहिली. त्यानं शेजाऱ्याला दाखवला. दोघं हसले. मी म्हणाले, पोच द्या. तीन खेटे घालून पोच घेतली.

महिन्याभरानं मॅडमचा फोन आला. आवाज लगेच ओळखला. त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तेव्हा माझी नोकरी नवी होती, घरात मिळवती मी एकटीच, गुरुजींनी धमकी दिली होती. म्हणाल्या, चौकशी लागली तर वरचा कुणी अडकणार नाही, मीच अडकेन. आपल्यातलीच एक बाई कामावरून जाईल. तुला चालेल ते?

हे सगळं खरं होतं. मला माहीत होतं, वरचा अडकणार नाही. 

"म्याडम," मी म्हणाले, "त्या दिवशी साहेबानं तुमाला विचारलं हुतं. आज कुणी विचारलं तर खरं सांगा. अर्ज म्या मागं घेणार न्हाय."

त्यांनी फोन ठेवला. पुन्हा आला नाही. अर्जाचंही उत्तर अजून आलेलं नाही. दुसरा दिलाय, आता तिसरा माहितीच्या अधिकारात टाकलाय.

मी एकटी नव्हते. आम्ही नऊ जण होतो. एक जण उसाच्या ट्रॅक्टरखाली गेला. दोघं पुण्याकडं बांधकामावर आहेत, फोनवर नाव आलं तरी वाचता येत नाही, आवाजावरून ओळखतात. बाकीचे दर दिवाळीनंतर कोयता घेऊन जातात. सरकारच्या मशीनमध्ये सगळे प्रगत. जो मेला तोसुद्धा.

प्रत्येकाचा अर्ज मीच लिहिणार आहे. चार झालेत. मेलेल्याच्या आईनं स्वतःहून येऊन अंगठा दिला.

येत्या रविवारी तामलवाडीला जायचंय. आमच्यातल्या एकीचं तिथं चौदाव्या वर्षी लग्न लावून दिलं, दोन लेकरं आहेत तिला. तिचा अर्ज टाइप करून तयार ठेवलाय. तिला सही येत नाही, म्हणून शाईचं पॅड सोबत घेतलंय. तिचा अंगठा घेणार, आणि अंगठ्याखाली माझ्या हातानं लिहिणार: अर्जदार शासनाच्या नोंदीत प्रगत आहे.